दुसऱ्या दिवशी दारात

माइक चालू आहे की नाही हे बघायला जगातली माणसं 'हॅलो, हॅलो' म्हणतात. आमचे काका 'वडखळ' म्हणत. तेही घाईनं नाही, चवीनं. "वड... खळ." मग मान तिरकी करून स्वतःचाच आवाज ऐकत बसत. ज्या माइकला वडखळ जमलं त्याला सगळा रायगड जिल्हा जमला, असं त्यांचं मत होतं. ख फाटला तर माइकला ओल आली आहे आणि ळ घसरला तर वायर गेली आहे. मी साउंडचं रीतसर शिक्षण घेतलेलं असल्यामुळे हे शास्त्र तपासून पाहिलं. ते साफ खोटं होतं. ओल्या माइकमधूनही ख उत्तम येतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तो माइक खोटारडा हाय गो. तसला ठेवू नको."

काका जोह्याच्या अलीकडच्या एका गावचे. तरुणपणापासून लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. लग्न, बारसं, सत्यनारायण, आणि आमच्याकडे ज्याच्याशिवाय थंडी सरत नाही ती कबड्डी. स्पीकर लावून झाला की माइक ज्याच्या हातात द्यायचा त्याला न देता ते स्वतःच सुरू होत. कोणी हरकत घेतलीच तर म्हणत, "माइक माझा, तर तोंड कोणाचं असणार?" याला उत्तर नसल्यामुळे ते आपोआप तालुक्याचे समालोचक झाले. लग्नात ते सांगत, "नवरदेवाच्या मामांनी स्टेजवर यावं, आणि आल्यावर भाषण करू नये." मामा येत आणि खरंच भाषण करत नसत.

कबड्डीत तर त्यांचा कहर होता. खेळ काय चाललाय हे लोकांना दिसतच असतं, ते परत कशाला सांगायचं, म्हणून ते खेळाडूंची घरं सांगत. "चढाईला निघालाय तो आमच्या आत्याच्या नणंदेचा नातू. घरी तीन बहिणी. हा धाकटा, म्हणून जरा लाडात वाढलाय, पकडताना सांभाळून." एकदा रोह्याच्या मैदानात एक गडी जोरदार चढाई करून मध्यरेषेकडे परत येत होता आणि काका माइकवरून म्हणाले, "याचं लग्न ठरत नाय, कोणाच्या नजरेत स्थळ असेल तर स्टेजपाशी या." गडी थबकला, काकांकडे वळून काहीतरी बोलला, आणि तेवढ्यात मागून पाच जणांनी त्याला उचलला. सामना गेला. सामना संपल्यावर त्याचा अख्खा संघ काकांना शोधत आला. काका पळाले नाहीत. खुर्ची मांडून बसले होते. सगळ्या संघाच्या शिव्या त्यांनी पुरत्या ऐकून घेतल्या आणि मग विचारलं, "जेवलात का रे पोरांनो?" त्या गड्याचं लग्न पुढच्या वर्षी झालं. मुलगी त्या दिवशी मैदानातच होती. लाऊडस्पीकर अर्थातच काकांचा.

मी त्यांना ओळखायला लागले ते मात्र फार नंतर, पॉडकास्टमुळे. सगळे काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणायला लागले. मुंबईतलं बिऱ्हाड मोडून मी रोह्याजवळ वरसेला भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहायला आले होते. का आले हे इथं सांगायचं कारण नाही. काम पेणला मिळालं. आमचे मालक रोहा आणि पेणच्या मधल्या जमिनीचे प्लॉट पाडून मुंबईकरांना विकत. मुंबईकरांना प्लॉटच्या आधी मातीची ओढ लागावी लागते, आणि ती लावण्यासाठी त्यांनी 'बस की जरा' नावाचा पॉडकास्ट काढला होता. ऑफिसच्या वरच्या खोलीच्या भिंतींना स्पंज लावला, दोन माइक आणले, एडिटिंगला मला ठेवलं आणि पाहुण्यांशी गप्पा मारायला काकांना. आयुष्यात पहिल्यांदा काका दुसऱ्याच्या मालकीच्या माइकसमोर बसले. पहिल्या दिवशी त्यांनी माइक सगळीकडून हात फिरवून पाहिला, सोयरीक जुळवायला गेल्यावर घर बघतात तसा, आणि मग वडखळ म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आजोळ कुठलं गो तुझं?"

"मी एडिटर आहे," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

पाहुण्यांना मात्र सुटका नव्हती. पाहुणा कोणीही असो, पहिला प्रश्न आजोळ. आजोळ कळलं की तिथली दोन घरं काकांच्या ओळखीची असायची, त्यातल्या एकाशी नातं निघायचं, आणि ते निघाल्याशिवाय दुसरा प्रश्न नाही. मला ते सगळं कापावं लागे, आणि कापलं की काका रुसत. एकदा मालकांनी नागपूरकडचे एक मोठे आर्किटेक्ट आणले. त्यांचं आजोळ पार छिंदवाड्याकडे. काकांचा घाम निघाला. कुठूनच धागा लागेना. आर्किटेक्ट घड्याळ बघायला लागले. शेवटी काकांनी विचारलं, "पेणचे पापड खाल्लेत कधी?"

"हो, खाल्ले आहेत ना."

"मग झालं. आमच्या घरचंच अन्न हाय तुमच्या पोटात," असं म्हणून काकांनी निःश्वास टाकला आणि मुलाखत सुरू केली. तो एपिसोड फार छान झाला. आर्किटेक्टनी स्वतः बांधलेल्या पण स्वतःला न आवडणाऱ्या इमारतींबद्दल सांगितलं, जे ते बहुधा घरीही बोलले नसतील.

पण काकांचं खरं खूळ पुढेच होतं. एपिसोड लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पापडाचं पुडकं पिशवीत टाकत आणि पाहुण्याच्या घरी जात. विचारलं तर म्हणत, "शिव्या घ्यायला चाललोय." दूध घ्यायला चाललोय म्हणावं तसं. मला आधी वाटलं हा फुकट जेवणाचा मार्ग आहे, कारण ते नेमके जेवायच्या वेळेला पोचत. मग एकदा त्यांनी मला जोह्याला बरोबर नेलं.

पाहुणा गणपतीच्या कारखान्याचा मालक होता. मुलाखतीत बोलता बोलता तो सांगून बसला होता की त्याच्या भावाच्या कारखान्यातले गणपती जरा तिरळे बघतात. भावाचा कारखाना शेजारीच, आणि दोघांचं बोलणं बंद. आम्ही पोचलो तेव्हा दोघेही भाऊ दारात उभे होते. एक म्हणाला, "तू माझ्याकडून हे वदवलंस." दुसरा म्हणाला, "तू ते लावलंस." काका मान खाली घालून उभे. मग पहिला म्हणाला, "वर दात काढत होता." दुसरा म्हणाला, "याला कोणी मुलाखती घ्यायला बसवलं?" पहिला म्हणाला, "तेच तर." आणि दोघं भाऊ एकमेकांकडे बघून थांबले. बऱ्याच वर्षांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. आम्ही अर्धवट रंगवलेल्या मूर्तींच्या रांगेत बसून जेवलो. थोरल्यानं धाकट्याला वाढलं. येताना एसटीत काका म्हणाले, "शिव्या संपल्या ना, की माणसाला बोलता येतं. पण त्या टाकायला जागा लागते गो." मी तेव्हा हसले.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, तेही इथंच सांगून ठेवते. "माणूस एकदा 'बरं हाय' म्हणाला तर बरं असतं. दोनदा म्हणाला की आपण विचारायचं बंद करायचं आणि जायला लागायचं."

तर एके दिवशी मालक मुंबईहून कसलीशी कार्यशाळा करून आले, आणि येताना एआय घेऊन आले.

लॅपटॉपमध्ये एक बाई होती. म्हणजे बाईचा आवाज. स्वच्छ, गोड, एकही शब्द न अडखळणारा. ती पाहुण्याचं ऐके, समजून घेई, पुढचा प्रश्न स्वतः काढी. चहा पीत नसे, खोकत नसे, आजोळ विचारत नसे. "नमस्कार. आपल्या जीवनप्रवासाविषयी जाणून घ्यायला मी उत्सुक आहे," असं ती म्हणाली तेव्हा काका खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी नमस्कार केला. मग मालकांनी समजावलं की ही मशीन आहे.

"मशीन असली तरी घरात नवीन आलीय ना," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिला सूनबाई म्हणायला लागले. "सून आली की सासऱ्यानं पडवीत जायचं, ही रीत हाय," हेही तेव्हाच म्हणाले. मालक हसले. काका हसले नाहीत, पण मीच त्याकडे लक्ष दिलं नाही.

मालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं की काका लोकांना आवडतात, पण त्यांचा एक एपिसोड कापायला एडिटरला आठवडा लागतो. तेव्हा एकच पाहुणा आणू, आधी काका बोलतील, मग सूनबाई. ज्याचं चांगलं होईल त्याची खुर्ची. पाहुणा काकांनीच निवडावा, म्हणजे अन्याय नको.

काकांनी वडखळच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातली एक आजी आणली. जन्म मिठागरात गेलेली, तळपाय अजून मिठानं चिरलेले, आणि गावात तिच्याइतकी बोलकी बाई नाही अशी ख्याती. काकांच्या शब्दाखातर ती आली. आल्या आल्या आजोळ निघालं, आणि घात झाला. तिचं आजोळ म्हणजे काकांच्या बायकोच्या मावशीचं गाव. काका खूश झाले. आजी मात्र गप्प झाली.

"मिठागरातलं दिवस कसं होतं, आजी?"

"बरं होतं."

"आता लेक वरसेला ऱ्हायला गेलाय ना? तुला पण नेणार म्हणतोय."

"व्हय. बरं हाय."

"सून कशी हाय?"

आजीनं पदर सारखा केला. "बरं हाय रं बाबा. समदं बरं हाय."

काकांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माइक बंद केला. "माझं झालं," म्हणाले. मालकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मुलाखत चहा गार व्हायच्या आत संपली होती.

मग आजीपुढे लॅपटॉप ठेवला. काका बाहेर गेले. सूनबाईनं गोड आवाजात नमस्कार वगैरे केला. आजीनं तिचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हिचं आजोळ कुठलं?"

"हिला आजोळ नाही, आजी. ही मशीन आहे."

"म्हंजे हिचं कोणच नाय?"

"कोणीच नाही."

"मंग बरं," आजी म्हणाली, मांडी घालून नीट बसली, आणि बोलायला लागली.

ती बोलली ते मी हेडफोनमधून ऐकत होते. तिला वरसेला जायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर खाडीचा वास येत नाही, भरती कधी आली कळत नाही, दार लावून घेतलं की कोण मेलं कोण जगलं कळत नाही. पण लेकानं हौसेनं ब्लॉक घेतलाय, तर नाही कसं म्हणायचं. आणि दुसरं म्हणजे सून दर रविवारी डब्यातून कालवण घेऊन येते. सगळं गाव त्या सुनेचं कौतुक करतं. "पण त्या कालवणाला चव नाय गो बाय. चिंच घालते का धुणं धुते कळत नाय. ती गेली की मी मांजरीला घालते. आता तिच्याच घरी ऱ्हायला गेले तर मांजर कुठनं आणू?"

सूनबाईनं विचारलं, "हे सगळं मनात ठेवताना आपल्याला एकटं वाटतं का?"

आजीनं चिरलेल्या तळपायावरून हात फिरवला. "वाटतं," म्हणाली.

खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दाला माझ्या अंगावर काटा आला. मालक तर टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते. एक शब्द कापायचा नाही, असं त्यांनी बजावलं. एपिसोड लागला आणि वणव्यासारखा पसरला. मुंबईकरांना मातीची ओढ लागलीच, शिवाय वरसेत ज्यांच्या ज्यांच्या घरी सासू होती तिथं तिथं त्या दिवशी कालवण झालं नाही. काकांनीही ऐकला. "चांगलं विचारलं तिनं," म्हणाले. "मला नसतं सांगितलं. मी तिच्या जाऊबाईला सांगितलं असतं ना." मालकांनी त्यांचे आभार मानले, शाल देण्याचं कबूल केलं, आणि खुर्ची सूनबाईला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा लेक आणि सून ऑफिसात उभे. सुनेचे डोळे रडून लाल. लेक मागे, चपलेकडे बघत.

"आमच्या घरातलं हे कोणी विचारलं?" सून म्हणाली.

मालकांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "मॅडम, ते एआयनं विचारलं. आमचा त्यात तसा काही..."

"मग तिला बोलवा."

मालकांनी खरंच सूनबाई चालू केली. सुनेनं पदर खोचला आणि सुरू झाली. दर रविवारी एसटीनं डबा घेऊन जाणारी ती, रस्त्याच्या खड्ड्यांत डबा मांडीवर सांभाळणारी ती, आणि मांजरीला? सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं, मांजरीला? ती श्वास घ्यायला थांबली तशी सूनबाई म्हणाली, "आपल्या भावना मी समजू शकते."

"तू कोण गो मला समजणारी?"

"आपला राग अगदी स्वाभाविक आहे. त्याविषयी अधिक सांगाल का?"

आणि ती बिचारी अधिक सांगायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या कालवणापर्यंत गेली. मग मध्येच तिच्या ध्यानात आलं. "हे पण लावाल तुम्ही," ती म्हणाली. सूनबाई म्हणाली, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." त्यावर तिनं लॅपटॉप उचलला. मालक टेबलाच्या पलीकडे सरकले. मी मधे पडू की नको या विचारात असतानाच दारातून आवाज आला.

"आज आजीकडं कोण चाललंय?"

काका होते. हातात पिशवी, पिशवीत पापड. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि सुनेसमोर जाऊन उभे राहिले.

"तो डबा ठेव खाली. त्यात कोण नाय. आजीला मी आणलं होतं, माझ्या शब्दावर आली ती. मला बोल."

सुनेनं लॅपटॉप ठेवला आणि काकांना बोलली. काय काय बोलली ते लिहिता येणार नाही. काकांचं टक्कल, काकांचं वय, काकांची जीभ, कबड्डीच्या मैदानापासूनचा सगळा इतिहास. काका एकदाही 'मी समजू शकतो' म्हणाले नाहीत. "व्हय," म्हणत राहिले. "चुकलं." "व्हय." मधेच तिचा सूर उतरला आणि ती खुर्चीत बसून म्हणाली, "मला काय हौस आहे का त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायची? एकट्या पडल्या तर बघायला कोण, म्हणून मीच ह्यांच्या मागं लागले." लेकानं पहिल्यांदाच वर पाहिलं. ब्लॉकची हौस लेकाची, असं आजीसकट सगळ्यांना वाटत होतं.

"हे तिला सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"कसं सांगणार? त्या तर म्हणतात, बरं हाय, समदं बरं हाय."

"चला," काका म्हणाले. "चल गो तू पण."

लेकाच्या रिक्षात आम्ही कोंबून बसलो आणि खाडीकडे गेलो. आजी पडवीत सुकी मासळी निवडत होती. शेजारी मांजर पसरलं होतं. ते मांजर बघितल्यावर म्हातारी खरं बोलली याबद्दल कोणाला शंका राहिली नसती. खाऊन खाऊन त्याला उठता येत नव्हतं.

आजीनं सुनेकडे पाहिलंच नाही. ती काकांवर घसरली. "मी त्या पेटीला सांगितलं. तू गावाला का सांगितलंस रं? जिचं कोण नाय ती कोणाला सांगणार, म्हणून मी बोलले." काका म्हणाले, "व्हय आजी, चुकलं." आजीनं त्यांच्या बायकोच्या मावशीच्या गावापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मग लेकानं आवाज चढवला, तोही काकांवर. तिघं मिळून एका माणसाला बोलत होती आणि बोलता बोलता कधी एकमेकांशी बोलायला लागली ते मला कळलं नाही. काका मधून उठले, चुलीपाशी मांजरासाठी राखून ठेवलेला रविवारचा डबा शोधून त्यांनी कालवण वाटीत घेतलं, भाकरीशी खाल्लं, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागल्यावर म्हणाले, "म्हातारी खोटं बोलली नाय."

सून आधी रागावली आणि मग हसली. पुढे ठरलं ते असं, की पावसाळ्यापुरतं आजीनं वरसेला जायचं, बाकीचे महिने इथंच, लेकानं रोज यायचं आणि कालवण आजीनं शिकवायचं. मांजर दोन्हीकडे.

एवढं झाल्यावर मालक काकांना खुर्ची परत देतील असं मला वाटलं होतं. द्यायला ते तयारही होते. काकाच नाही म्हणाले. "शेठ, विचारायला तीच बरी. माझं सगळीकडं नातं, मला बघून लोक तोंड मिटतात. विचारायचं तिनं, जायचं मी." आणि तसं सुरू झालं. सूनबाई विचारी, लोक भडाभडा बोलत, आणि दुसऱ्या दिवशी काका पापड घेऊन शिव्या घ्यायला जात. रोहा, पेण, खाडीपट्टा. मालक सगळ्यांना सांगत की काका किती मोठ्या मनाचे, हसत हसत बाजूला झाले. मीही तेच समजत होते.

मग मालकांना वाटलं की एक एपिसोड काकांवरच करावा. सूनबाई विचारेल, काका सांगतील. तिला तोवर काकांचे सगळे जुने एपिसोड ऐकवून झाले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. वडखळ म्हणाले. आणि सूनबाईनं पहिलाच प्रश्न विचारला, "आपलं आजोळ कुठलं?"

काका इतके हसले की मला आवाज कमी करावा लागला. "तुझं सांग आधी," ते म्हणाले.

"मला आजोळ नाही."

"मंग बरं," काका म्हणाले, आणि मग बोलले.

बोलले ते असं. खुर्ची मी हसत दिली असं सगळे म्हणतात, पण तसं नाय. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आयुष्यभर माइक माझा होता, म्हणून तोंड माझं होतं. आता शिव्या तेवढ्या माझ्या राहिल्या. दुपारी ऑफिसात कोण नसलं की मी वर जातो, माइक चालू करतो, वडखळ म्हणतो, आणि बंद करून खाली येतो. आणि ती एडिटर पोरगी हाय ना, ती माझा खोकला कापते. माझा खोकला काय वाईट हाय? चाळीस वर्षं लोकांनी तो ऐकलाय.

मी हेडफोन काढून ठेवला. एवढे महिने शेजारी बसून मला हे दिसलं नव्हतं आणि त्या डब्याला त्यांनी ते एका प्रश्नात देऊन टाकलं. मला त्या डब्याचा राग आला आणि काकांचाही. पण मी काही कापलं नाही. खोकलाही नाही.

एपिसोड लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना विचारलं, "आज काकांकडे कोण जातंय?" मालकांना साइटवर जायचं होतं. सूनबाईला विचारण्यात अर्थ नव्हता. मी बाजारातून पापडाचं पुडकं घेतलं आणि जोह्याची एसटी पकडली.

काका पडवीत बसले होते. अंघोळ झालेली, कालचाच इस्त्रीचा शर्ट, समोर एक रिकामी खुर्ची मांडलेली. आतून काकू म्हणाल्या, "आली का? सकाळपासनं दाराकडं बघत बसलाय माणूस. चहा पण घेतला नाय."

मी पुडकं पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही. आधी घसा साफ केला, मैदानात करायचे तसा, आणि सुरू झाले. उशीर किती केलास. येताना छत्री का नाय आणलीस. माझं बोलणं सगळ्या जगाला ऐकवलंस, लाज नाय वाटली? बायकोला आज कळलं की मी दुपारी कुठं जातो. खोकला ठेवलास तर सगळाच कशाला ठेवलास, जरा कापायचा होता. शिकलेली ना तू? मी उभी होते. "व्हय," म्हणत होते. "चुकलं, काका." त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांना मी इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. शेवटी शिव्या संपल्या तेव्हा त्यांनी पुडकं घेतलं, वास घेऊन पाहिला आणि आत दिलं.

"दुपारी वर येत जा," मी म्हटलं. "नुसतं वडखळ नका म्हणू. मी रेकॉर्ड करीन."

"बघू," ते म्हणाले. मग खुर्चीकडे हात केला. "बस. आता सांग. आजोळ कुठलं गो तुझं?"

मी बसले. माइक नव्हता, हेडफोन नव्हता. मी आजोळ सांगितलं. नातं निघालं, अर्थातच. माझ्या आजीच्या गावात काकांनी एका लग्नाला स्पीकर लावला होता. ते जरा पुढे झुकले. "आणि मुंबई सोडून इथं एकटी कशी आलीस? वरसेला करमतं का?"

काकूंनी आतून पापड तळायला घेतले होते. मी काकांकडे पाहिलं. हा माणूस दोन्ही तालुक्यांत कोणाला काय सांगेल याचा नेम नव्हता.

"बरं आहे, काका," मी म्हटलं. "सगळं बरं आहे."

काकांनी पुढे विचारलं नाही. मान वळवून त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का गो? उद्या डबा जरा लवकर कर. मला वरसेला जायचंय."